थोरली, मधली आणि धाकटी

संध्याकाळी हरिबाच्या पडवीत चहाला बसणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असायची. बोलता बोलता दिवा मंद झाला की बोलणं तिथंच राहायचं. मग एखादी सोयरीक जुळत आलेली असो नाहीतर बांधाचा तंटा रंगात आलेला असो, हरिबा हात वर करून समोरच्याला थांबवायचा, डोळे बारीक करून अंगणापलीकडच्या खिडकीकडे बघायचा आणि गुडघ्यांवर हात देत उठायचा. पडवीच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे आणि पेटीच्या कुशीला एक दांडी. ती दांडी तो खटकन फिरवायचा. मागच्या खोल्यांत क्षणभर अंधार व्हायचा आणि मग लख्ख उजेड पडायचा. पडवीत मात्र आधीचाच पिवळा मिणमिणाट असायचा, कारण दांडीचा संबंध फक्त मागच्या खोल्यांशी. त्या मिणमिणाटात हरिबा परत येऊन बसायचा, गार झालेला चहा उचलायचा आणि म्हणायचा, "हां, काय म्हनत होता तुमी?"

चकलांब्याच्या अलीकडे, माळाला लागून त्याचं घर आहे. घर म्हणायला एक, पण आहेत दोन. रस्त्याकडचं घर दगडामातीचं, हातभर रुंद भिंतींचं. त्यातल्या एका खोलीत पिठाची गिरणी, ती चालवते हरिबाची बायको साखराबाई. या घराच्या मागच्या अंगाला पडवी, पुढे मोठं अंगण, अंगणात मेंढरांचा वाडा आणि पार पलीकडे स्लॅबच्या दोन खोल्या. त्या पोराचं लग्न ठरलं तेव्हा बांधलेल्या.

गिरणीसाठी घरात खांबावरून तीन तारांची वीज घेतलेली. त्यांना वायरमन फेज म्हणतो. या तीन तारांचं काही खरं नसतं. एकीवर भार आला की ती मंदावते, तेव्हा दुसरी बरी असते. ज्याला जमेल तो आपला दिवा बऱ्या तारेवर घेतो. मागच्या खोल्या बांधल्या तेव्हा हरिबाने त्यासाठीच ही दांडी बसवून घेतली. पुढचं घर मात्र पहिल्यापासून जसं जोडलं होतं तसंच पहिल्या तारेवर राहिलं. हरिबाच्या घरात तारांना फेज म्हणत नाहीत. त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतात. "आज थोरली लई मलूल हाय," असं तो म्हणाला की घरच्यांना कळतं. मधली लहरी आहे, दुपारी रुसते आणि संध्याकाळी खुलते. धाकटी गुणाची, पण तिच्यावर निम्म्या गावाचे दिवे-पंखे चालतात, त्यामुळे तिचा भरवसा नाही. 'लाईन' हा शब्द हरिबाने दुसऱ्या कामाला ठेवलाय. लाईन म्हणजे आख्ख्या गावाची वीज. लाईन येते, लाईन जाते, आणि लाईन का गेली हे कुणालाच माहीत नसतं.

दांडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. एकदा हरिबा गेवराईच्या बाजाराला गेलेला असताना त्याच्या सख्ख्या भावाने, भागवतने, दांडी फिरवली. चांगल्या हेतूनेच फिरवली. तर हरिबा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत भागवतशी बोलला नाही. साखराबाईने मध्ये पडून फराळाचं ताट पाठवलं तेव्हा कुठं हा भाऊबंदकीचा मामला मिटला.

आता एवढ्याशा दांडीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्याला कारण आहे. हरिबाचं तरणंपण मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं, कडा गावाकडच्या रानांत लोकांच्या शेतात कळप बसवायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी यायचं. अंधाराची त्याला कधी भीती वाटली नाही आणि उजेडाची गरजही पडली नाही. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, कळप विकून मोजकी मेंढरं आणि चार शेरड्या ठेवल्या. एकुलता एक मुलगा जीवन पुण्याकडे चाकणच्या कारखान्यात लागला, आणि त्याचं लग्न ठरलं ते कड्याच्या सुकन्याशी. सुकन्याचे वडील साखर कारखान्यात कामाला. लग्नात हुंडा-मानपानाचं एक अक्षर कुणी काढलं नाही. निघताना ते फक्त हरिबाचे दोन्ही हात धरून म्हणाले, "पोरीला शिकायची लई हौस हाय, पाव्हणं. तेवढं बघा." आणि हरिबा, भर मांडवात, गळ्यातला हार सावरत म्हणाला, "उजेड कमी पडू देणार न्हाई."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता आणि विसरला असता. हरिबाने शब्द धरला, आणि तोही अगदी शब्दशः. सून मागच्या खोलीत बी.ए.चा अभ्यास करायची आणि हा पडवीत बसून तिच्या खिडकीवर पहारा द्यायचा. उजेड पिवळा पडला की उठायचा, थोरलीवरून मधलीवर, मधलीवरून धाकटीवर, आणि थोरली सुधारली की परत थोरलीवर. मग तिथून ओरडायचा, "आला का उजेड?" पलीकडून आवाज यायचा, "आला मामा." त्या 'आला मामा'वर म्हातारा खूश. सुकन्या पास झाली, मुलगी झाली, मुलीचं नाव संस्कृती ठेवलं, ती पोर अंगणात कोकरांना नावं देत हिंडायला लागली, तरी संध्याकाळचा हा सवाल-जवाब चुकला नाही.

गेल्या वर्षी सुकन्याला काम मिळालं. पुण्याची एक कंपनी ट्रॅक्टरवाल्यांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेते. मराठीत नीट, न चिडता बोलणारं माणूस त्यांना हवं होतं. काम घरी बसून, दुपारपासून रात्री आठपर्यंत. आधी काही महिने चाचणीचे, मग कायम. अट एकच. वायफाय चालणार नाही, नेट थेट वायरीने लॅपटॉपात गेलं पाहिजे, आणि फोन मध्येच तुटता कामा नये.

नेट घरात होतं. गेवराईचा अंगद, जो या भागात खांबाखांबावरून नेटच्या तारा ओढतो, त्याने रस्त्याकडच्या घरात यंत्र बसवून दिलं होतं. पण त्याच घरात गिरणी. गिरणीच्या घरघरीत ट्रॅक्टरवाल्याची तक्रार काय ऐकू येणार? शांत जागा म्हणजे मागची खोली, आणि मध्ये सगळं अंगण. पहिल्यांदा अंगदने भिंतीच्या कडेने वायर नेली. ती शेरड्यांनी चघळली. शेरडीला वायर आणि वेल यातला फरक कळत नाही, किंवा कळत असेल तर ती दाखवत नाही. मग वायर वरून, हवेतून नेली. ती भागवतच्या कडब्याच्या गाडीत अडकली आणि गाडीबरोबर वाड्यापर्यंत गेली. भागवतचा या घरातल्या तारांशी योगच वाईट.

तिसऱ्या वेळी अंगद दोन पांढऱ्या डब्या घेऊन आला. हाताच्या पंजात मावतील एवढ्या, मागे प्लग, खाली वायर लावायला भोक. "काका, आता अंगणातनं काहीच न्यायचं न्हाई," तो म्हणाला. "ही एक डबी पुढं नेटच्या यंत्रापाशी बोर्डात खुपसायची, दुसरी मागं. घरातली लाइटीची वायर हाय ना, तिच्यातनंच नेट पळतंय."

हरिबाने डबी उलटीपालटी करून बघितली. "लाइटीच्या वायरीतनं? लाइटीबरोबर?"

"लाइटीबरोबरच. दोघं एकमेकाच्या आड येत न्हाईत. फकस्त एक सांगतो, ध्यानात ठेवा. दोन्ही डब्या एकाच लाईनीवर पायजेत."

हरिबाला हसू आलं. एवढा शिकलेला पोरगा, आणि हे काय सांगतोय. "एकाच लाईनीवर हायेत की. आख्ख्या गावाची लाईन एकच हाय."

अंगदला वाटलं, म्हाताऱ्याला समजलं. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्याला समजलं. दोन्ही डब्यांवर हिरवे दिवे लागले, मागच्या खोलीत नेट धावायला लागलं, अंगदने चहा घेतला आणि तो गेला. सकाळची वेळ होती, दांडी थोरलीवर होती, सगळं झकास होतं.

सुकन्याच्या कामाचे पहिले काही दिवस घरात सणासारखे गेले. बैलाच्या नावाने बोलावं तसं ट्रॅक्टरच्या नावाने बोलणारे शेतकरी तिला फोन करायचे. कुणी विदर्भातून, कुणी नाशिककडून. ती त्यांना काका, दादा, मामा म्हणत शांतपणे एकेक गोष्ट विचारायची. हरिबा पडवीतून ऐकायचा. सगळं ऐकू यायचं नाही, पण सुनेचा आवाज असा ठाम आणि गोड चाललेला ऐकून त्याला मेंढरांची गणती पूर्ण भरल्यासारखं वाटायचं. आणि उजेड मंद झाला की तो उठायचाच. आता तर जास्तच तत्परतेने, कारण आता कामाचा प्रश्न होता.

पण त्याच सुमारास फोन तुटायला लागले. रोज नाही, पण बहुतेक दिवशी, तेही संध्याकाळी. ट्रॅक्टरवाला तावातावाने सांगत असायचा आणि मध्येच नेट गायब. बराच वेळ ते यायचं नाही, मग आपोआप यायचं. कंपनीच्या मॅडमनी दोनदा विचारलं. सुकन्याने अंगदला बोलावलं. अंगद यायचा सकाळी, आणि सकाळी डब्यांना काही झालेलंच नसायचं. त्याने डब्या बदलून बघितल्या, यंत्र बदललं, शेवटी गिरणीकडे बोट दाखवलं. "काकू, हिची मोटर घाण करत आसंल लाइटीत. संध्याकाळची बंद ठेवून बघा."

साखराबाईने दुसऱ्याच दिवशी गिरणी दुपारनंतर बंद केली. वस्तीवरच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या आणि ती दारातच सांगायची, "सकाळी या गं, सुनेचं हापिस चालू हाय." केशरबाई नावाची शेजारीण तर फणकारून म्हणाली, "तुमच्या हापिसापायी आमी काय कोरडी ज्वारी खावी काय?" साखराबाईने तेही ऐकून घेतलं. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे.

गिरणी बंद झाली तरी फोन तुटायचे थांबले नाहीत.

चाचणीचे महिने संपत आले तसं जीवनचा पुण्याहून फोन आला. त्याने चाकणला खोली बघितली होती. तिथं नेटची भानगड नाही, सुकन्याने पोरीला घेऊन तिकडंच यावं, येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन येतोय. हरिबाने फोन ऐकला, "बरं" म्हणाला आणि मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसला. काम तर पोरीला हवंच होतं, त्यात वावगं काही नव्हतं. पण संस्कृती जाणार. सून जाणार. मागच्या खोल्यांना कुलूप लागणार. मग पडवीत बसून कुठल्या खिडकीकडे बघायचं, हे त्याला सुचेना. साखराबाई त्याला शोधत आली तेव्हा तो एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उगाच बसला होता. तिला बघून म्हणाला, "हिला जरा ताप वाटायला." मेंढी धडधाकट होती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दिवस मावळतीला एक कोकरू मागच्या खोलीच्या पायरीखाली शिरलं आणि बाहेर येईना. हरिबा अंगण ओलांडून गेला, वाकला, कोकरू ओढून काढलं, पण गुडघा जो अडकला तो सरळ होईना. मग तो तिथंच पायरीवर बसला. मागे दार उघडं, आत सुकन्या दाराकडे पाठ करून, कानांवर यंत्र लावून बोलत होती. "काका, तुम्ही घाबरू नका. आधी मला सांगा, चावी फिरवल्यावर आवाज कसला येतो?" हरिबा कोकराला मांडीवर घेऊन ऐकत राहिला. इतक्या जवळून त्याने तिचं काम कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात उजेड मंदावला. खोलीतला बल्ब लाल होत गेला. गुडघ्याने तर उठवेना, आणि इथून ओरडावं तर आवाज सुनेच्या फोनात जाईल. समोर पडवीत साखराबाई ज्वारी निवडत होती. त्याने हात हलवून तिचं लक्ष वेधलं, भिंतीवरच्या पेटीकडे बोट केलं आणि दोन बोटं वर केली. म्हणजे मधली. साखराबाईने आधी स्वतःकडे बोट दाखवलं, मी? तिचा विश्वास बसेना. त्याने मान हलवली. जन्मात पहिल्यांदा साखराबाईने त्या दांडीला हात लावला आणि खटकन फिरवली.

खोली लख्ख झाली. हरिबा समाधानाने मागे वळला. टेबलाशेजारी बोर्डात खुपसलेल्या पांढऱ्या डबीवरचा दिवा विझून परत लागला होता, पण आता तो हिरवा नव्हता, तांबडा होता.

"हॅलो? काका, ऐकू येतंय का? हॅलो?" सुकन्या दोनदा-तीनदा म्हणाली. मग तिने कानावरचं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. आणि मग तिने मान वर केली, खिडकीकडे तोंड केलं आणि पडवीत ऐकू जाईल अशा खणखणीत, हसऱ्या आवाजात म्हणाली, "आला मामा. लख्ख आला."

हरिबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं तो आवाज ऐकून तो पडवीत सुखावत होता. आज पहिल्यांदा त्याने तो आवाज काढणारा चेहरा बघितला. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण ओरडलं ते कोकरू. सुकन्या दचकून वळली आणि तिने डोक्यावर पदर ओढला.

"मामा, तुमी इथं?"

"कवापासनं ठावं हाय तुला?" हरिबाने विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "आठ-दहा दिस झाले आसतील. आदी वाटलं गिरणीच हाय. मग ध्यानात आलं, उजेड आला की नेट जायलंय. पुरं कळत न्हवतं, पण तसंच वाटायलतं."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"एकदा म्हनले की. म्हनले, ऱ्हाऊ द्या मामा, मंद उजेडात चालतंय मला. तुमी म्हनलाव, डोळे जातेल."

ते खरं होतं. हरिबाला आठवलं. वर तो तिच्यावर थोडा डाफरलाही होता.

"तेवढ्यावर गप बसलीस?"

"मग काय करू मामा? मी या घरात आले तवापासनं तुमी माज्यासाठी उठायलाव. गुडघं धरून उठायलाव. माजी बी.ए. तुमच्या दांडीवर झाली. त्याच माणसाला, उठू नका, तुमच्या उठण्यानं माजं नुकसान व्हायलंय, असं कोणत्या तोंडानं म्हनू?" बोलता बोलता तिचे डोळे भरले. "काम सोडायचं न्हवतं. आन् तुमचं मनबी मोडायचं न्हवतं. मग पुण्याला जाणं बरं वाटलं."

हरिबाला राग आला. कुणाचा आला ते त्याचं त्यालाच कळेना. "म्हंजी माजं मन राखायला माजं घर रिकामं करायलीस," तो म्हणाला. "भली हायेस." आणि मग तो हसायला लागला, आणि डोळे पुसायला लागला, आणि कोकरू मांडीवरून उडी मारून पळालं. साखराबाई ज्वारीचं सूप तसंच हातात घेऊन अंगण ओलांडून आली, काय झालं म्हणून. तिला सगळं सांगावं लागलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "आन् मी तिकडं गिरणी बंद करून केशरबाईच्या शिव्या खायले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगदला बोलावणं गेलं. त्याला पेटीसमोर उभं करून हरिबाने दांडी कशी चालते ते दाखवलं. अंगद कपाळावर हात मारून खालीच बसला. "काका, मी तुमाला पहिल्याच दिवशी म्हनलो न्हवतो का, दोन्ही डब्या एकाच लाईनीवर पायजेत? दांडी फिरली की मागची डबी दुसऱ्या लाईनीवर गेली. पुढची एकीकडं, मागची दुसरीकडं. त्या एकमेकीला सापडायच्या कशा? दांडी परत थोरलीवर आली की मग सापडतेत."

"तू लाईन म्हनलास. मला वाटलं गावाची लाईन."

"मी फेज म्हनत होतो."

"मग थोरली-मधली म्हनायचं की बे," हरिबा म्हणाला. "शुद्ध मराठीत बोलायला काय होतंय?"

अंगदने हसत पुढच्या यंत्राची आणि डबीची जोडणी दांडीवर घेतली, म्हणजे दोन्ही डब्या कायम एकाच तारेवर राहतील. पण त्याने हेही सांगितलं की दांडी फिरवली की दोन्ही डब्या विझणार, परत लागून जुळेपर्यंत वेळ जाणार आणि चालू फोन तुटणारच. "तेव्हा सुनबाईच्या कामाच्या येळेत दांडी हलली न्हाई पायजे. थोरली मेली तरी हलली न्हाई पायजे. जमतंय का बघा."

हे मात्र अवघड होतं. काहीतरी करायचं सांगितलं असतं तर हरिबाने दोन गुडघे पणाला लावून केलं असतं. काही करायचं नाही, हे त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्याने भागवतला गेवराईला पिटाळून चार्जिंगचा एक दिवा आणवला आणि सुनेच्या टेबलावर ठेवला. त्याच संध्याकाळी थोरली मंदावली. मागच्या खिडकीतला उजेड पिवळा पडत गेला तसा हरिबा पडवीत चुळबुळायला लागला. एकदा उठला, पेटीपर्यंत गेला, परत आला. दुसऱ्यांदा उठला तेव्हा साखराबाईने निवडायची ज्वारी त्याच्या पुढ्यात ओतली. "बसा. हात गुंतवा." मग आठ वाजेपर्यंत तो ज्वारी निवडत बसला. खडे ज्वारीत आणि ज्वारी खड्यांत गेली, पण दांडी हलली नाही. आणि खिडकीतून सुकन्याचा आवाज शेवटपर्यंत न तुटता येत राहिला.

रविवारी जीवन टेम्पो घेऊन आला. हरिबाने त्याला पाणी प्यायच्या आतच पडवीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. "बिघाड माजा हुता, जीवन. डब्यांचा न्हाई, अंगदचा न्हाई, गिरणीचा न्हाई. आता तू ठरव आन् ती ठरवंल, मी मधी बोलणार न्हाई." बापाने आपणहून चूक कबूल केल्याचं जीवनने कधी बघितलं नव्हतं. त्याने सुकन्याकडे बघितलं. सुकन्या म्हणाली, चाचणीचे थोडेच दिवस राहिलेत, तेवढे इथूनच बघते, नाहीच जमलं तर तिकडं येते. जीवनला वाईट वाटलं नाही असं नाही. तिकडच्या खोलीत बायको-पोर येणार म्हणून त्याने पडदेसुद्धा शिवून घेतले होते. पण त्यालाही या घराची सवय होती, आणि महिन्याकाठी इथं आल्यावर मागच्या खोल्यांना कुलूप बघायची त्याची तयारी नव्हती. टेम्पो रिकामा कसा न्यायचा म्हणून साखराबाईने त्यात कारखान्यातल्या पोरांसाठी ज्वारीच्या पिठाच्या गोण्या चढवल्या. गिरणी परत दिवसभर चालू झाली होती, आणि केशरबाई पहिल्या नंबराला आली होती.

पुढच्या दिवसांत फोन तुटले नाहीत. गावाची लाईन गेली तेव्हा एकदा तुटला, पण त्याला हरिबाही काही करू शकत नव्हता आणि कंपनीही. एकदा भर संध्याकाळी थोरली इतकी मंदावली की सुकन्याने चार्जिंगच्या दिव्यावर काम केलं. ते पडवीतून बघतानाही हरिबाने ज्वारी निवडणं सोडलं नाही.

चाचणी संपायच्या दिवशी तो दुधाचा तांब्या घेऊन मागच्या खोलीकडे गेला. संस्कृतीसाठी शेरडीचं दूध तो स्वतः नेऊन देतो. आत सुकन्या फोनवर होती, या वेळी ट्रॅक्टरवाल्याशी नव्हे, कंपनीच्या मॅडमशी. हरिबा पायरीवरच थांबला. "हो मॅडम. हो. धन्यवाद मॅडम," ती म्हणत होती, आणि तिच्या आवाजावरून त्याला कळलं की काम कायम झालं. घरूनच. तो भिंतीला टेकला. डोळ्यांना धार लागली ती त्याने पुसली नाही, कारण दोन्ही हातांत तांब्या होता.

मग मॅडमनी काहीतरी विचारलं असावं. सुकन्या जरा थांबली आणि बोलली तेव्हा तिच्या आवाजात हसू होतं.

"नाही मॅडम, तो तसा बिघाड नव्हता. आमच्या सासऱ्यांचा माझ्यावर फार जीव आहे, त्याने नेट जात होतं. आता अडचण नाही. आता ते माझी काळजी आठ वाजल्यानंतर करतात."